केलेलं काम बायोडाट्यात का नसतं?

जून-जुलैत पदवी-पदविकांचे निकाल लागतात आणि पुण्याकडे येणाऱ्या एसटी गाड्यांत प्लास्टिकच्या फायली दिसायला लागतात. लातूर, बुलढाणा, जळगाव, सोलापूरकडची मुलं-मुली भोसरीत, चाकणला, हिंजवडीजवळ कॉट बेसिसवर राहतात आणि सकाळी गुणपत्रिकांच्या झेरॉक्स व दोन पानी बायोडाटा घेऊन कंपनीच्या गेटवर नाव नोंदवतात. नोकरीनिमित्त अशा मुलांच्या मुलाखती मी वर्षानुवर्षं घेत आले आहे. एक गोष्ट दर हंगामात तितकीच जिवाला लागते. ही मुलं न केलेलं काम बायोडाट्यात लिहितात आणि खरोखर केलेलं लपवतात.

बायोडाटा बहुतेकांनी मित्राकडून घेतलेला असतो, फक्त नाव बदललेलं. मेहनती, लवकर शिकणारा, संघात काम करू शकणारा ही विशेषणं सगळ्यांना सारखीच. छंदांत क्रिकेट, वाचन, संगीत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मोठ्या अक्षरांत, पण कॉलेजजवळच्या दुकानातून तयार विकत घेतलेला, किंवा चौघांच्या गटात एकानेच केलेला. मग पहिलाच साधा प्रश्न येतो, 'यात तू स्वतः काय केलंस?' आणि मुलगा गप्प होतो. बाहेर पडल्यावर तो घरी फोन करून सांगतो, 'इंग्रजी कमी पडलं.' इंग्रजीचा अडसर खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या क्षणी त्याला मराठीतसुद्धा उत्तर देता आलं नसतं, कारण सांगायला काही नव्हतंच.

उलट बाजू पाहा. सौरऊर्जेवर चालणारा फवारणी पंप हा आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत नेहमी दिसणारा प्रोजेक्ट. मराठवाड्यातल्या एका मुलीने तो खरंच बनवला होता. बॅटरी 12 व्होल्टची, 8 अँपिअर-अवरची. पंप साधारण चार अँपिअर करंट घेतो, म्हणजे दोन तास चालेल, असा हिशेब तिने आमच्यासमोर कागदावर करून दाखवला. वडिलांच्या कपाशीत चाचणी घेताना विहिरीच्या पाण्यातल्या गाळाने नोझल सारखं तुंबायचं. आधी फडकं बांधून पाहिलं, मग बारीक जाळीचा फिल्टर बसवला. तिची वाक्यं अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होती. पॅनेलमधला कोणीही तिचं व्याकरण मोजत नव्हतं. काय बिघडलं, का बिघडलं आणि तिने काय केलं, हे तिला ठाऊक होतं. तिची निवड झाली.

मुलाखतीत उठून दिसणं म्हणतात ते हेच. टाय, बूट, हस्तांदोलन यांवर हजारो रुपये घेणारे क्लास निघाले आहेत. नीटनेटके कपडे आणि वेळेआधी पोचणं पुरेसं असतं. समोरचा माणूस तुमच्या कामाच्या तपशिलात शिरायचा प्रयत्न करतो, तिथे तुम्ही किती खोल जाता, यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून तयारी बायोडाट्यापासूनच करावी. एक वही घ्या. बायोडाट्यातली प्रत्येक ओळ एकेका पानावर उतरवा आणि खाली तीन प्रश्न लिहा: मी नक्की काय केलं? ते तसंच का केलं? काय चुकलं किंवा अडलं? उत्तर येत नसेल तर अभ्यास करा, तरीही जमलं नाही तर ती ओळ काढून टाका. 'मोजमापाची उपकरणं हाताळता येतात' असं लिहिलं असेल, तर नेहमीच्या व्हर्निअर कॅलिपरचं लघुतम माप 0.02 मि.मी. आणि मायक्रोमीटरचं 0.01 मि.मी. एवढं सांगून थांबू नका. कोणता जॉब कशाने मोजायचा आणि का, हेही सांगता आलं पाहिजे. 'टॅली येतं' असं लिहिणाऱ्या बी.कॉम.च्या मुलाला विचारलं जातं: 18 टक्के जीएसटी धरून 11,800 रुपयांचं खरेदीचं बिल आलं, नोंद कशी कराल? माल 10,000 चा, कर 1,800. पुरवठादार राज्यातलाच असेल तर केंद्राचा 900 आणि राज्याचा 900, आणि नियमात बसत असेल तर या कराचं क्रेडिट मिळतं. एवढं शांतपणे सांगणारा उमेदवार प्रमाणपत्रांची चळत घेऊन आलेल्यापेक्षा पुढे जातो.

आता लपवलेल्या गोष्टींकडे येऊ. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की पाठ केलेल्या ओळी येतात: वडील शेतकरी, आई गृहिणी, आणि विषय तिथेच संपतो. पण थोडं खोदून विचारलं की कळतं, हा मुलगा रात्रीच्या लाइटीत मोटार चालू करायला जात होता आणि स्टार्टर बिघडला तर स्वतः उघडून दुरुस्त करत होता. ही मुलगी आईच्या बचत गटाचं खातं लिहीत होती, कर्ज, हप्ता, व्याज सगळं. कोणी सुट्टीत एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर होतं, कोणी दूध डेअरीवर फॅट लावत होतं. यातलं एक अक्षर बायोडाट्यात नसतं, कारण ते 'अनुभव' नाही, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. मुलांनो, बचत गटाचं खातं चोख ठेवणं हा हिशेबाचा अनुभव आहे. तो लिहा. मध्ये वर्ष गेलं असेल, विषय राहिला असेल, तर तेही दोन वाक्यांत सरळ सांगा आणि त्या वर्षात काय केलं याकडे वळा.

देशातली सर्वांत अवघड समजली जाणारी मुलाखतही याच पायावर उभी आहे. दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये लोकसेवा आयोग नागरी सेवांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतो. अंतिम यादीच्या 2025 गुणांपैकी तिला 275 गुण आहेत. उमेदवाराने सविस्तर अर्जात भरलेलं गाव, पदवी, नोकरी, छंद यांतून बरेच प्रश्न निघतात. ही उलटतपासणी नसून हेतुपूर्ण पण सहज संभाषण आहे, असं आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटलेलं असतं. मराठीतून मुलाखत देण्याची सोयही तिथे आहे. मग एखाद्या कारखान्याच्या मुलाखतीत 'सर, हा मुद्दा मराठीत सांगू का?' असं विचारायला लाज कसली? इंग्रजी रोज थोडं बोलायची सवय कराच, कारण पुढे ते लागतं. पण इंग्रजी येत नाही म्हणून आपलं ज्ञान गिळून टाकू नका.

वशिल्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. शंका निराधार नाही. मुलाखतीचे गुण जास्त ठेवले की मनमानीला वाव मिळतो, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली हरियाणातल्या एका प्रकरणात नागरी सेवा भरतीत सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचं प्रमाण एकूण गुणांच्या 12.2 टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितलं. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीतल्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. खासगी क्षेत्रात असं बंधन नाही, म्हणून आम्हा मुलाखत घेणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. सर्व उमेदवारांना कामाशी संबंधित, आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारले तर निवड अधिक अचूक होते, असं औद्योगिक मानसशास्त्रातलं संशोधन अनेक दशकं सांगतं आहे. जात, गाव, लग्नाचा बेत यांची चौकशी करणाऱ्यांनी ते बंद करावं. आणि उमेदवारांनीही लक्षात ठेवा, नोकरी देण्याआधी नोंदणी, प्रशिक्षण किंवा गणवेशाच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून त्याच क्षणी निघून यावं.

कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक लावताना प्रत्येक विद्यार्थ्याची एक तरी सराव मुलाखत घ्यावी, आणि विकत घेतलेले प्रोजेक्ट स्वीकारणं थांबवावं. ते स्वीकारणारे शिक्षकच मुलाला त्या गप्प होण्याकडे ढकलत असतात.

आणि तुम्ही, जे नोकरीत स्थिरावला आहात, कारखान्यात, बँकेत, कार्यालयात, तुम्हाला एक कळकळीची विनंती. तुमच्या सोसायटीत, गल्लीत, गावाकडच्या भावकीत यंदा शिक्षण संपवलेला एखादा मुलगा किंवा मुलगी नक्की असेल. येत्या रविवारी तासभर त्यांचा बायोडाटा घेऊन समोर बसा. प्रत्येक ओळीवर विचारा, 'हे तू कसं केलंस?' आणि शेवटी न विसरता विचारा, 'यात न लिहिलेलं तू आणखी काय करतोस?' जे उत्तर येईल, ते त्यांच्याच हाताने बायोडाट्यात लिहून घ्या.