अक्काचा प्लेअर गेलेला नाही!

आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी अक्काचा सीडी प्लेअर 'गेला' असं परस्पर जाहीर करून टाकलं आहे. त्याला माझी हरकत आहे. इथे लिहिते, म्हणजे सगळ्यांच्या वाचनात येईल.

झालं असं, की भाच्याच्या मुलाने मोठ्या प्रेमाने दीडशे गाणी एका सीडीवर भरून पाठवली. प्लेअरने ती घेतली, थोडी घरघर केली आणि 'नो डिस्क' दाखवलं. लगेच निकाल! मशीन जुनं झालं, आता बोलणारा स्पीकर आणू. अहो, पण तपासलं कोणी? त्याने एमपीथ्री फाइली जशाच्या तशा, डेटा सीडी म्हणून उतरवल्या होत्या. 2003 साली घेतलेल्या त्या प्लेअरला एमपीथ्री वाचताच येत नाही. मोडी न शिकलेल्या मुलापुढे मोडी कागद ठेवायचा आणि त्याला 'ढ' म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

त्याला येते ती लिपी फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली ठरवलेली. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा. संगणकावर सीडी बर्न करताना 'डेटा सीडी'ऐवजी 'ऑडिओ सीडी' निवडलं, की संगणकच फाइली उलगडून त्या लिपीत लिहितो. मग मात्र दीडशे गाणी मावत नाहीत. 80 मिनिटं झाली की संपलं. फाइल किती एमबीची आहे ते पाहू नका, मिनिटं मोजा. (आवाज मूळ फाइलीपेक्षा सुधारत नाही, हेही सांगून ठेवते.)

कोरी सीडी 'सीडी-आर' घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी 'आरडब्ल्यू' प्रकाश फार कमी परतवते, त्यामुळे बऱ्याच जुन्या प्लेअरना ती दिसतच नाही. एकच ख्याल दोन फाइलींत तुटला असेल, तर मधली दोन सेकंदांची रिकामी जागा काढून टाका. ऐन रंगात आलेली तान तुटलेली अक्काला खपत नाही, आणि मलाही नाही! सीडीवर नाव बॉलपेनने लिहू नका. चकाकणारा थर त्याच बाजूला पातळ लेपाखाली असतो, तो चरला की गाणं गेलं.

आता मुख्य मुद्दा. अक्का शहाऐंशीची. समोरचं नीट दिसत नाही, पण त्या प्लेअरची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत. दुपारी कुणालाही हाक न मारता ती उठते, सीडी लावते, चौथं गाणं माणिक वर्मांचं हे तिला ठाऊक असतं. दिवसभरात दुसऱ्याच्या मदतीशिवाय तिला करता येतात अशा गोष्टी आता किती उरल्यात, मोजून पाहा. बोलणारा स्पीकर वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण इंटरनेट गेलं की तो गप्प, आणि मग 'अरे, कुणी आहे का?' करत बसायचं. हे तिच्यावर का लादायचं?

असो. मी तिला अठरा गाण्यांची ऑडिओ सीडी करून दिली, ती पहिल्या फटक्यात वाजली. पुढची नाट्यगीतांची करायची आहे. कोणाकडे छोटा गंधर्व, ज्योत्स्ना भोळे असतील तर पाठवा. फोनमधल्या ॲपवर 'डाउनलोड' केलेलं चालत नाही हं, ते ॲपच्या बाहेर निघत नाही. खरी फाइल हवी. आणि ज्यांच्या लॅपटॉपला सीडीचा खण नाही, त्यांनी माझा यूएसबीवाला रायटर घेऊन जावा. परत मात्र आणून द्यायचा!