ब्रास मोजता, माणसेही मोजा

माननीय जिल्हाधिकारी,
पालघर, ठाणे आणि रायगड यांस,



पाऊस उघडला की आपल्या हाताखालच्या तहसील कचेऱ्यांत वीटमातीचे अर्ज येऊ लागतात. गट नंबर, सातबारा, किती ब्रास माती उचलणार, त्यावर किती स्वामित्वधन. ब्रासचा आकडा लहान असला तर तहसीलदार सही करतात, मोठा असला तर प्रांत, त्याहून मोठा असला तर कागद आपल्या टेबलावर येतो. चलन भरले की परवाना हातात पडतो. ठरल्यापेक्षा जास्त माती उचलली तर तलाठी, म्हणजे आताच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, टेप घेऊन खड्डा मोजतो, पंचनामा होतो, दंड बसतो. मातीचा हिशेब चोख आहे.

त्याच दिवसांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून आणि कर्जत, सुधागडच्या कातकरवाड्यांतून टेम्पो भरू लागतात. भांडी, गोधड्या, दोन-चार कोंबड्या, म्हातारी माणसे आणि अंगणवाडीच्या वयाची पोरे. हे टेम्पो भिवंडी, वाडा, वसई, शहापूर, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर रिकामे होतात आणि मृगाच्या तोंडावर पुन्हा भरतात. मधल्या सहा-सात महिन्यांत ही माणसे कुठे आहेत, हे सांगणारा रकाना त्या परवान्यावर नाही. तो रकाना घालावा, एवढ्यासाठी हे खुले पत्र.

भट्टीवर नेमके काय चालते हे दुपारी बाराला पाहणीसाठी गेलेल्या गाडीतून दिसत नाही, कारण वीट थापणे हे रात्रीचे काम आहे. खणलेली माती संध्याकाळी भिजत घालतात. तीत राख आणि भाताचे तूस मिसळून ती पायांनी तुडवतात, फावड्याने उलथतात, पुन्हा तुडवतात. मध्यरात्र उलटली की जोडपे उठते. बाई चिखलाचा गोळा करून पुढे सरकवते. पुरुष उकिडवा बसून साच्याच्या आतून राख किंवा रेती फिरवतो, म्हणजे चिखल कडांना धरत नाही. गोळा वरून जोराने आपटावा लागतो. हळू टाकला तर साच्याचे कोपरे भरत नाहीत आणि कोपरा तुटलेली वीट मोजणीत धरली जात नाही. वरचा जादा चिखल हाताने कापायचा, साचा जमिनीवर उलटा करायचा आणि एका झटक्यात सरळ वर उचलायचा. चिखलात पाणी किंचित जास्त झाले असेल तर वीट तिथेच बसते. हे सगळे उन्हे चढण्याआधी उरकावे लागते, कारण उन्हात ओली वीट तडकते. मग दिवसभर वाळत आलेल्या विटा आडव्याच्या उभ्या करणे, कडा साफ करणे, वारा खेळेल अशा फटी ठेवून थर लावणे चालते. यातले विटा उलटण्याचे काम बहुतेक ठिकाणी मुलांकडे जाते. वीट हलकी लागते म्हणून नव्हे, तर लहान पावले ओळींमधून नीट चालतात म्हणून.

नऊ बाय चार बाय तीन इंचांची वीट साधारण तीन किलो भरते. जोडपे चांगल्या दिवशी हजारभर विटा थापते. म्हणजे एका रात्रीत तीन टन माती दोन माणसांच्या हातांतून जाते, ओल्या चिखलाचे वजन धरले तर त्याहूनही जास्त.

भाजणे हे वेगळे कसब. आपल्या भागात बहुतेक भट्ट्यांना धुराडे नसते. सपाट जमिनीवर कच्च्या विटांचा चौरस ढीग रचतात, खाली आग घालायला बोगद्यांसारख्या जागा ठेवतात, थराथरांत कोळशाची भुकटी आणि तूस पसरतात आणि बाहेरून मातीने लिंपून घेतात. पेटवल्यावर आग आपली आपण वर चढते आणि त्यात कितीतरी दिवस जातात. आतली उष्णता नऊशे-हजार अंशांच्या घरात जाते, पण भट्टीवर तापमापक नसतो. रचणारा माणूस धुराचा रंग बघतो, ढिगाचा माथा किती खचला ते बघतो, कुठे लिंपण फुटले तर तिथे चिखल मारतो. ढीग उकलला की मधली वीट लाल, ठोकली तर टणटणीत वाजणारी निघते. कडेची पिवळट आणि अर्धकच्ची, आगीच्या तोंडाशी असलेली काळीनिळी होऊन शेजारणीला चिकटलेली. एका ढिगातून किती विटा पहिल्या दर्जाच्या निघणार हे या माणसाच्या अंदाजावर ठरते. एवढा जाणकार माणूस, आणि परवान्याच्या कागदावर तो कुठेच नाही. 

आता पैशांकडे. पावसाळ्यात भाताची लावणी संपली की पाड्यावर काम नसते. सण तोंडावर असतात, आजारपणे असतात. त्या वेळी भट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस पाड्यावर येऊन उचल देतो. हंगामात आठवडी बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तेल-मिठापुरती. हजारामागे ठरलेल्या दराने झालेली मजुरी, त्यातून उचल वजा, खर्ची वजा, आणि मे अखेरीला ‘हिशेब’. हिशेबाची वही एकच, तीही शेठच्या घरी. थापणाऱ्याकडे कागदाचा कपटाही नसतो. मध्येच अवकाळी पाऊस आला आणि वाळत घातलेल्या विटांचा पुन्हा चिखल झाला तर त्या विटा मोजल्या जात नाहीत. म्हणजे पावसाने मालकाची माती जाते, पण मजुराची गेलेली रात्र कुणाच्या खात्यावर पडत नाही. ‘बाकी’ निघाली की पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर यायचे. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही, असा अलिखित करार.

हा करार बेकायदा आहे, हे आपल्यासमोर मांडायची गरज नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा 1976 चा. उचलीच्या मोबदल्यात किमान वेतनाहून कमी पैशांवर राबवणे, किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे, ही त्या कायद्याच्या व्याख्येतली वेठबिगारी आहे. साखळदंड किंवा कुलूप लागत नाही. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम 15 ने सावकारावर टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मोबदल्याला घटनेच्या कलम 23 खालची सक्तीची मजुरी ठरवले. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले, की सक्तीची मजुरी दिसली तर तिच्यामागे उचल आहे असे सरकारने गृहीत धरून चालावे.

आणि या कायद्याचे कलम 12 खास आपल्यासाठी आहे. आपल्या हद्दीत वेठबिगारी आहे का, याची चौकशी करणे आणि असल्यास ती मोडणे हे त्या कलमाने जिल्हा दंडाधिकाऱ्याचे, म्हणजे आपले, कर्तव्य ठरवले आहे. तक्रार येण्याची वाट पाहा, असे त्यात म्हटलेले नाही. माती उचलायला परवाना देणारे कार्यालय आणि वेठबिगारी शोधण्याची जबाबदारी असलेले कार्यालय एकच आहे. एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर. मातीच्या परवान्यांची, म्हणजे गौण खनिजाची फाईल आणि वेठबिगारीवर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीची फाईल मात्र एकमेकींना भेटत नाहीत.

त्या भेटल्या तर काय होईल, याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. वर सांगितलेल्या मापाच्या विटा त्या घनफळात बरोबर 1600 बसतात. समजा 1000 ब्रासचा परवाना दिला. 16 लाख विटा झाल्या. जोडप्याला दिवसाला हजार विटा आणि आजारपण, अवकाळी, बाजार वगळून हंगामात दीडशे दिवस धरले, तर या विटा थापायला किमान दहा-अकरा जोडपी लागतात. मातीत राख मिसळल्याने विटा वाढतात, म्हणजे जोडपीही वाढतात. वाहणारे, रचणारे, ट्रकात भरणारे वेगळे. हिशेब ढोबळ आहे, पण परवान्यावरच्या एका आकड्यावरून भट्टीवर किती कुटुंबे असायला हवीत हे तहसीलच्या लिपिकाला कागद-पेन्सिलीने काढता येते. मग त्या मालकाने तीनच मजूर दाखवले, किंवा एकही दाखवला नाही, तर विचारायचा प्रश्न तयार असतो.

या भागाला हा विषय नवा नाही. वसई तालुक्यातल्या वेठबिगारांना सोडवण्यातूनच विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना 1982 साली उभी राहिली. त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मजूर भट्टीजवळ विटा आणि पेंढ्याच्या ज्या खोपटात राहतात तो भोंगा, आणि त्याच्या शेजारची शाळा ती भोंगा शाळा. तीन-चार दशकांनंतर प्रश्न संपला म्हणावे, तर 2021 साली मोखाडा तालुक्यात मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी एका आदिवासीला राबवल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. ते प्रकरण भट्टीचे नव्हते. पण पाचशे रुपयांची उसनवारी माणसाला कुठवर नेते, ते त्यातून कळते.

मालकांची बाजूही इथे नोंदवायला हवी. भट्टीमालक म्हणजे कोणी कारखानदार नव्हे. पुष्कळ जण दोन-तीन एकरांचे शेतकरी किंवा पिढीजात कुंभार आहेत. कोळसा महागला आहे, उंच इमारतींनी लाल वीट सोडून हलके सिमेंटचे ठोकळे धरले आहेत आणि औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटांना 1999 पासून केंद्राचे नियमच पाठबळ देत आले आहेत. उचल घेऊन टेम्पोत न बसणारी कुटुंबेही असतात आणि ते पैसे बुडतात. अशा वेळी मालकाकडेही दाद मागण्याजोगा कागद नसतो. नोंद झालेली उचल, मजुराच्या हातातली हिशेबाची दुसरी प्रत आणि खात्यात जाणारी मजुरी यांचा तोटा फक्त खोटा हिशेब ठेवणाऱ्याला आहे. उचल देणे हा गुन्हा नाही. तिच्या जोरावर माणूस अडकवणे हा आहे.

पोरांचे आणि त्यांच्या आयांचे काय होते, ते आपल्याच जिल्हा परिषदेच्या नोंदींवरून दिसेल. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचा चौरस आहार देणारी अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने 2015 साली आणली. ती गावच्या अंगणवाडीत चालते. पण भट्टीच्या हंगामात गावच्या अंगणवाडीत ती आई नसते. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली महिला व बालविकास विभागाने प्रायोगिक म्हणून ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत पालघर होता. म्हणजे यंत्र आहे. त्याला भट्ट्यांची यादी कोण देणार? ती यादी गौण खनिज शाखेत आहे. गाव सोडणाऱ्या मुलांना मिळणाऱ्या शाळेच्या हमी पत्रकांचे तेच, आणि कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठीच्या जनमन योजनेतल्या घरकुलांचेही तेच. घर बांधायचे कोरड्या महिन्यांत, आणि ज्या कातकऱ्याच्या नावावर ते मंजूर झाले तो नेमका कोरड्या महिन्यांत दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापत असतो.

तेव्हा मागणी मोजकी आहे. यंदाच्या परवान्यांपासून प्रत्येक अर्जासोबत भट्टीवर येणाऱ्या कुटुंबांची यादी, त्यांचे मूळ गाव, दिलेली उचल आणि हजारामागचा दर लिहून घ्यावा. त्याची प्रत कुटुंबाला, कामगार आयुक्तालयाला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला जावी. खड्डा मोजायला जाणाऱ्या महसूल अधिकाऱ्याने त्याच फेरीत माणसेही मोजावीत, आणि शक्य झाले तर एकदा पहाटे चारला जावे. मे महिन्याचा हिशेब दक्षता समितीच्या एका सदस्यासमोर व्हावा. कायद्याने या समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असतातच, त्यात भट्टीवर काम केलेली एखादी बाई नेमता येईल.

जिथे वेठबिगारी आढळेल तिथे मुक्ततेचा दाखला द्यायला खटल्याच्या निकालाची वाट पाहू नये. केंद्राच्या 2016 च्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला 1 लाख आणि स्त्रियांना व मुलांना 2 लाख रुपये आहेत. पूर्ण रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी बांधलेली असली तरी तातडीची मदत तशी नाही, आणि तिच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा स्थायी निधी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाताशी असावा असे त्याच योजनेत लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात तो निधी आहे का, गेल्या पाच वर्षांत त्यातून किती खर्च झाला आणि दक्षता समितीच्या किती बैठका झाल्या, हे आपण जाहीर करावे.

मातीचे नवे परवाने दिवाळीच्या आगेमागे निघतील. त्यांच्या छापील नमुन्यात एक पान वाढवायला मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहू नये. आपल्या सहीचे एक परिपत्रक काढावे, आणि ते टेम्पो भरण्याआधी काढावे.

आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या विटांच्या घरांत राहणाऱ्या नागरिकांपैकी एक