उंच माणूस, बावीस इंची सायकल आणि एक करकर

सायकल करकरू लागली की ती जुनी झाली, असे म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर थांबू नये. बाजारात सर्वत्र एकाच मापाने खपलेली सायकल काही शरीरांना नीट बसली आणि काहींना बसली नाही. ज्यांना ती बसली नाही, त्यांच्या सायकलींतून येणारा आवाज हा पुष्कळदा त्या न जुळलेल्या मापाचाच आवाज असतो. आजचा धागा त्या आवाजाच्या उगमाविषयी.

सुरुवात हातकणंगल्यापासून. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि हे गाव त्या मार्गावर आले. याच तालुक्यातील इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. म्हणजे रेल्वे हातकणंगल्यात, माग इचलकरंजीत, आणि दोहोंमध्ये आठ-दहा किलोमीटरचा रस्ता. पायी जाण्यास लांब, बैलगाडीसाठी वेळखाऊ आणि सायकलीसाठी नेमके असे हे अंतर. या भागाच्या इतिहासात लोहमार्ग आहे, माग आहेत, पुढे सहकारी साखर कारखानेही आहेत. त्यांना जोडणारी सायकल मात्र फारशी कोठे भेटत नाही.

भेटते ती एका जागी, आणि तीही प्रस्तावनेपुरती. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तेथे सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि चालवायलाही शिकवल्या जात. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊराव पाटलांनीही काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकले. ही कथा सांगताना सायकलीला पहिली पायरी म्हणून दोन वाक्ये मिळतात आणि निवेदक घाईने नांगराकडे वळतो. ही घाई योग्य नाही. दुरुस्तीच्या दुकानात माणूस यंत्र उघडायला शिकतो. नांगर घडवणाऱ्या हातांना ही शाळा उपयोगी पडली नसेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

त्या काळी सायकलीचे रूप नुकतेच पालटत होते, आणि उंचीचा प्रश्न येथेच शिरतो.

१८७० च्या दशकातली सायकल म्हणजे पुढे अजस्र चाक आणि मागे चिमुकले. तिला साखळी नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला बसवलेले असे, त्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. चाक जितके मोठे तितका वेग जास्त, आणि चाक किती मोठे घेता येईल हे ठरे स्वाराच्या पायाच्या लांबीवर. म्हणून त्या सायकली पायाच्या मापाने विकल्या जात : कोणाला अठ्ठेचाळीस इंची चाक, कोणाला चौपन्न, फारच उंच असेल त्याला साठ. १८८४ ते १८८६ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सचे चाक पन्नास इंची होते. हिंदुस्थानात लाहोरहून कलकत्त्यापर्यंतचा रस्ता त्याने त्याच चाकावर कापला. आज विचित्र दिसणारे ते वाहन स्वाराच्या देहाशी इतके इमान राखून होते की पुढे कोणत्याही सर्वसामान्य सायकलीला ते साधले नाही. आणि त्यात उंच माणसाचा सरळ लाभ होता.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. दोन जवळपास सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी. आता वेग दात्यांच्या गुणोत्तरावर ठरू लागला. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि चाक २८ इंची असेल, तर परिणाम ६८ इंची चाकासारखा होतो. एवढ्या चाकावर कोणाचाच पाय पोहोचला नसता. (सायकलीचा गिअर आजही इंचांत मोजण्याची पद्धत आहे, नाहीशा झालेल्या त्या उंच चाकाचा हा अवशेष.) साखळीने स्वाराला पडण्याच्या भयातून सोडवले, स्त्रियांना आणि बुटक्यांना सायकल खुली केली. हे ऋण मोठे आहे. त्याच वेळी पायाची लांबी मोजण्याची व्यापाऱ्याची गरजही संपली.

इंग्रजी बनावटीची जड 'रोडस्टर' सायकल आपल्याकडे आली ती याच वंशातली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियान्याला हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले आणि तोच आराखडा लाखोंनी घडू लागला. बावीस इंची आणि चोवीस इंची ही दोन मापे घरोघरी ठाऊक झाली. हा आकडा चाकाचा नव्हे. तो सीटखालच्या उभ्या नळीचा. चाक दोन्हींत अठ्ठावीस इंचीच. पुष्कळ आठवणींत ही गल्लत आढळते.

आता हे माप कोणाच्या देहाचे, हे तपासून पाहू. सीटची उंची ठरवण्याचे एक सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांच्यामुळे १९८० च्या दशकात सर्वत्र पोहोचले : जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. साधारण पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा पाय ७६ सेंटिमीटर धरला, तर हे अंतर ६७ येते. बावीस इंची नळी ५६ सेंटिमीटरची, वर स्प्रिंगच्या सीटची नऊ-दहा सेंटिमीटर उंची. म्हणजे त्याची सीट जवळपास तळाला टेकते. त्याहून कमी उंचीच्या माणसाला खाली सरकवायला जागाच उरत नाही. उलट सहा फूट दोन इंचांच्या माणसाचा पाय ९० सेंटिमीटर असेल, तर अंतर साडेएकोणऐंशी येते आणि सीटची दांडी तेरा-चौदा सेंटिमीटर बाहेर काढावी लागते. रोडस्टरबरोबर मिळणारी दांडी आखूड. तिचा पुरेसा भाग नळीत राहिला पाहिजे, नाहीतर ती वाकते किंवा निसटते.

हे गणित मांडले की एक गोष्ट उघड होते. ज्याला आपण 'साधी देशी सायकल' म्हणतो, तिचे माप इंग्रजी मध्यम देहाचे होते. आपल्याकडच्या बहुतेकांना ती थोडी मोठीच होती, आणि जे खरोखर उंच त्यांना अपुरी. आडव्या दांडीखालून पाय घालून, अर्धेअर्धे पॅडल मारीत शिकलेली मुले आपल्या सगळ्यांच्या घरांतल्या आठवणींत आहेत. त्यांच्यावर लेख झाले, कथा झाल्या. उंच माणसाची अडचण विनोदाच्या पलीकडे गेली नाही. चोवीस इंची फ्रेम घेऊन तो उभ्या दिशेने सुटतो खरा, पण आडवी नळी त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. वळताना गुडघा हँडलला लागतो. सीट खालीच ठेवली तर प्रत्येक फेऱ्यात गुडघा नको तितका दुमडतो, आणि पाच-दहा किलोमीटर रोज जाणाऱ्याला संध्याकाळी तो जाणवतो.

सीट वर काढली की करकर सुरू होते. कारण साधे आहे. दांडी जितकी बाहेर, तितका तिच्या मुळाशी वाकवणारा जोर अधिक. कोरड्या नळीत कोरडी दांडी किंचित सरकते, अडते, पुन्हा सरकते. सारंगीच्या तारेवर गज फिरताना जे घडते तेच येथे घडते, फक्त स्वर बेसूर असतो. सीट प्रमाणाबाहेर वर असेल तर पॅडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते आणि सीटच्या स्प्रिंगाही त्यात सूर मिसळतात. म्हणून मापाचा प्रश्न आणि आवाजाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. सीट खाली-वर न करता नुसते तेल सोडणारा मिस्त्री अर्धेच काम करतो. जुना मिस्त्री आधी स्वाराला बसवून टाच पॅडलवर ठेवायला सांगतो : पॅडल तळाशी असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. गिमारच्या दशांशांपेक्षा ही कसोटी ढोबळ, पण तिला टेप लागत नाही.

आवाज शोधण्याची त्याची पद्धत तर इतिहासाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. पोकळ पोलादी नळ्यांतून आवाज दूरवर जातो. सीटपाशी जन्मलेली करकर पायाखालून आल्यासारखी वाटते. म्हणजे साक्षीदार खरे सांगतो, पण जागा चुकीची सांगतो. म्हणून मिस्त्री कानापेक्षा तालावर विश्वास ठेवतो. पायाच्या दर फेऱ्याला एकदा 'टक्' होत असेल, तर संशय पॅडल, क्रँक किंवा क्रँक आसाला घट्ट धरणाऱ्या कॉटरवर. पाय थांबवून सायकल नुसती पळत असतानाही आवाज राहिला तर चाक, तारा, मडगार्ड. सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारल्यावर थांबला तर सीट आणि तिची दांडी. साखळीला ११० कड्या आणि पुढे ४४ दाते असतील, तर एखादी अडकणारी कडी बरोबर अडीच फेऱ्यांनी बोलते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा चालवून पाहायची, मग पुढची. बखरकाराचे म्हणणे समकालीन पत्रांशी ताडून घ्यावे, हा वि. का. राजवाड्यांचा आग्रह १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' च्या खंडांतून मराठी वाचकाला ठाऊक आहे. ऐकीव साक्षीची अशी झडती गावच्या सायकल दुकानातही रोज होत असे, फक्त तिला प्रस्तावना लाभली नाही.

त्या दुकानांनी एक शब्दही घडवला : 'ओव्हरऑइलिंग'. मूळ इंग्रजी 'ओव्हरहॉल'चा तेलाशी काही संबंध नाही. सायकल पूर्ण खोलून, छर्रे रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याच्या कामात तेल इतके डोळ्यांसमोर असे की शब्दच त्याकडे वळला. असे शब्द कोशात क्वचित जातात.

एकाच मापाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एक माप म्हणजे एकच अ‍ॅक्सल, एकच कॉटर, एकच टायर, आणि तो हातकणंगल्यात मिळो की हुपरीत, बसणारच. एका घरात एक सायकल असे. सकाळी बाप कामावर, दुपारी मुलगा शाळेत, रात्री कोणी तरी दवाखान्यात. मापून शिवलेल्या अंगरख्यासारखी सायकल असती, तर ती इतक्या हातांतून फिरली नसती आणि इतकी स्वस्तही राहिली नसती. हा सौदा बहुसंख्यांच्या हिताचा होता हे मान्य. पण सौद्याची किंमत कोणाच्या गुडघ्यांनी भरली, हेही नोंदले गेले पाहिजे. यंत्रमागाच्या इतिहासात आपण रुळांची रुंदी आणि धाग्याचा नंबर देतो. कामगार ज्यावरून आला त्या सायकलीचे माप देत नाही. शोधक कोण आणि कारखाना कोणत्या साली, एवढ्यावर तंत्रज्ञानाचा इतिहास संपवण्याची सवय याला कारणीभूत आहे.

साधने नाहीत, ही सबब येथे चालणार नाही. भंगारात निघालेल्या जुन्या रोडस्टरची सीटची दांडी उपसून पाहावी. नळीच्या तोंडाशी जेथे ती वर्षानुवर्षे आवळलेली होती, तेथे गंजाची किंवा घासल्याची एक कडी उमटलेली असते. सीट ज्या ज्या उंचीवर दीर्घकाळ राहिली, त्या प्रत्येकीची वेगळी. कधी दोन कड्या असतात, कधी तीन : एक पार वर, एक बोटभर खाली, आणि एक अगदी तळाशी, जेथे घरातल्या धाकट्याचा पाय कसाबसा पोहोचला असेल.