लाईट गेली आणि गोल झाला



या सदरात खत, बियाणं, कीड यांच्यापलीकडं मी सहसा जात नाही. आज जरा बांध ओलांडतो. झालं असं, की गेल्या पंधरवड्यात एका गावी उसाचं पाचट जाळू नका, हे सांगायला गेलो होतो. बोलणं आटोपलं, चहा आला, आणि समोरच्या एका पोराच्या अंगावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दहा नंबरचा सदरा दिसला.

"कुणाचा रे हा नंबर?"

"मेस्सीचा, साहेब."

"आणि त्याच्या आधी कुणाचा होता?"

पोरगं गप्प. पण कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले त्याचे आजोबा म्हणाले, "मॅराडोनाचा! त्या साली आमच्या गल्लीत कोण झोपलं न्हवतं." मग काय विचारता! पाचट राहिलं बाजूला आणि आम्ही दोघं तासभर १९८६ सालात जाऊन बसलो.

आमचं गाव पन्हाळा तालुक्यातलं. फुटबॉलचं वेड मला लागलं ते आजोळी. मामा कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायचे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते. पण पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. नावात तालीम आणि खेळ फुटबॉलचा, हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगताना आमची पुरेवाट होते. विश्वचषक आला की याच पेठांत निम्मे ब्राझीलचे आणि निम्मे अर्जेंटिनाचे होतात, चौकाचौकात फलक लागतात. मामा अर्जेंटिनाचे, म्हणून मीही अर्जेंटिनाचा. घरात जसं कुलदैवत विचारून ठरवत नाहीत, तसंच हे.

१९८६ साली मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेक्सिकोत विश्वचषक सुरू झाला. आमचं घर मळ्यात. गाव तिथून मैलभर, मध्ये ओढा. गावात टीव्ही एकच, तोही काळा-पांढरा, निवृत्त सुभेदारांच्या घरी. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा खेळ मुळीच पटायचा नाही. "बावीस जण एका चेंडूमागं पळत्यात, त्यापरीस एकेकाला एकेक घिऊन द्या की," हा त्यांचा विनोद दर सामन्याला ठरलेला.

आता तुम्हाला वाटेल, मॅराडोना होता म्हणजे संघ सुरुवातीपासून भारीच असणार. तसं नव्हतं. प्रशिक्षक बिलार्दो यांच्यावर त्यांच्याच देशात टीका चालली होती. १९७८ चा चषक ज्याच्या नेतृत्वाखाली जिंकला तो पासारेला मेक्सिकोत आजारी पडला आणि एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या जागी आला ब्राऊन, ज्याला त्या वेळी कुठल्या क्लबात जागाही नव्हती. म्हणजे आपल्या भाषेत बिनपगारी गडी! या ब्राऊनचं नाव लक्षात ठेवा.

दक्षिण कोरियाला ३-१ हरवलं, इटलीशी १-१ बरोबरी झाली, बल्गेरियाला २-० हरवलं, मग उरुग्वेवर १-० असा निसटता विजय. पुढचा सामना २२ जूनला इंग्लंडशी. चारच वर्षांपूर्वी, १९८२ साली, फॉकलंड बेटांवरून या दोन देशांत लढाई झाली होती, त्यामुळं सामन्याला वेगळीच धार होती. गंमत म्हणजे त्या दिवशी अर्जेंटिनाचे गडद निळे सदरे आयत्या वेळी मेक्सिकोतल्याच दुकानातून आणून वर नंबर चिकटवलेले होते. तिकडं भर दुपारी बारा, आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. सुभेदारांच्या सोप्यात चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली.

मॅराडोनानं पहिला गोल हातानं केला. पंचांना दिसलं नाही. चारच मिनिटांनी त्यानं आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि एकेकाला चकवत थेट गोलरक्षकालाही बाजूला टाकून दुसरा गोल केला. सोप्यात जो आरडाओरडा झाला त्यानं गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. लिनेकरनं एक गोल फेडला, तरी सामना २-१ असा आपलाच. पण परत निघताना सुभेदार म्हणाले, "दुसरा गोल हजार मोलाचा. पहिला मात्र चोरीचा. वजनात मारलेला माल आहे तो." मी तेव्हा भांडलो होतो. आज त्यांचंच म्हणणं मला पटतं. बाजारसमितीत काट्यावर बोट ठेवणाऱ्याला आपण शिव्या देतो, मग इथं टाळ्या कशा वाजवायच्या? आणि तरीही त्या माणसावरचा माझा जीव कमी झाला नाही, हेही खरंच.

उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्ध दोन्ही गोल मॅराडोनाचे. तो सामना आपल्याकडं पहाटे साडेतीनला होता. मी तो पाहून थेट वैरणीला गेलो होतो.

अंतिम सामना रविवार, २९ जून, पश्चिम जर्मनीशी. त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. ओढ्याकाठी आमचा भाताचा तरवा होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकलेला, रोप चांगलं बोटभर वर आलेलं. बियाणं घरच्या कणगीतलं, सगळंच्या सगळं तिथं पेरलेलं. आबांनी सांगितलं, "पाऊस हाय. जाताना वाफ्याची तोंडं मोकळी करून जा, न्हाईतर पाणी कोंडून बांध फुटंल." मी "व्हय" म्हटलं आणि सरळ गावाची वाट धरली. सोप्यात पुढची जागा मिळावी म्हणून.

सामन्यात पहिला गोल कुणी करावा? बिनपगारी ब्राऊननं! डोक्यानं. देशासाठी त्यानं केलेला तो एकुलता एक गोल. पुढं खांद्याला जबर मार बसला, तर गड्यानं सदऱ्याला दातानं भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात जागेवर धरला आणि शेवटपर्यंत खेळला. मग वाल्दानोनं दुसरा गोल केला. २-०. सुभेदारांच्या घरून शेंगा-गुळाचं ताट फिरलं. जर्मनीचे सदरे हिरवे होते म्हणतात, आम्हाला ते काळेच दिसले. बाहेर पाऊस कौलांवर ताशासारखा वाजत होता, आणि मला वाफ्याची आठवणसुद्धा नव्हती.

मग उलटं फिरलं. कॉर्नरवरून रुमेनिगेनं एक फेडला. सहा-सात मिनिटांत परत कॉर्नर, आणि फोलरनं डोक्यानं दुसरा. २-२. सोप्यात कुणी श्वास घेईना. दहाएक मिनिटं उरलेली.

आणि लाईट गेली.

कुणी कंदील शोधतंय, कुणी वीजवाल्यांचा उद्धार करतंय. त्याच अंधारात, लाईट जाऊन तीन-चार मिनिटंही झाली नसतील तेव्हा, मैदानाच्या मध्यभागी जर्मनांनी घेरलेल्या मॅराडोनानं एका टोल्यात चेंडू पुढं सोडला. बुरुचागा तो घेऊन निम्मं मैदान धावला. मागून ब्रीगल छाती फुटेस्तोवर पळत होता, पुढून शुमाकर आला, आणि चेंडू जाळ्यात. ३-२. अख्ख्या जगानं पाहिलं आणि मी अंधारात शेंगांची टरफलं चाचपत बसलो होतो.

अर्धा तास वाट पाहून उठलो. ओढ्यापाशी आलो तर तरव्यात कंदील हलताना दिसला. काळजात चर्र झालं. आबा गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, हातात खोरं. खालचा बांध फुटला होता आणि ते एकटे मातीची ढेकळं आणि वैरणीच्या पेंढ्या टाकून भगदाड बुजवत होते. मी काही न बोलता पाण्यात उतरलो. त्यांनीही विचारलं नाही. पहाटेपर्यंत आम्ही माती ओढली. सहापैकी दोन वाफे वाहून गेले, चार वाचले. त्या साली खालचं एक वावर भाताविना राहिलं. तिथं मिळेल तिथून आणलेलं नाचणीचं रोप लावलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला घरात तांदूळ विकत आणावा लागला. आबांनी त्यावरून मला एकदाही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

उजाडल्यावर ओट्यावर पाय धुताना त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जितलं का तुझं?"

"ठावं न्हाई. लाईट गेलती."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं रेडिओ लावला. एरवी बाजारभाव आणि हवामानापलीकडं त्याला कुणी हात लावायचा नाही. बातम्यांच्या शेवटी निकाल आला. आबा एवढंच म्हणाले, "चला, एक तर जितलं."

पुढं मी कृषी पदवीधर झालो, या खात्यात आलो. पाण्याला वाट द्या, वाफ्याची तोंडं मोकळी ठेवा, हे मी गावोगाव इतक्या पोटतिडकीनं का सांगतो, हे सहकाऱ्यांना कधी कळलं नाही. नंतर कुठंतरी वाचलं की कप जिंकूनसुद्धा बिलार्दो त्या कॉर्नरवरच्या दोन गोलांवरून खट्टू होता. मला ते लगेच कळलं. पीक घरात आलं तरी फुटलेला बांध डोळ्यांपुढून हलत नाही. बुरुचागाचा गोल मी पाहिला तो कितीतरी वर्षांनी, रंगीत टीव्हीवर. तेव्हा जर्मनांचे सदरे हिरवे आहेत हेही कळलं.

२५ नोव्हेंबर २०२० ला मॅराडोना गेला. बातमी आली तेव्हा मी हरभऱ्याच्या प्लॉटात होतो.

दोन वर्षांनी, १८ डिसेंबर २०२२ ला, अर्जेंटिना परत अंतिम सामन्यात. या वेळी कतारमध्ये, फ्रान्सशी. रात्री साडेआठला सामना. आबा आता ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, पण माझ्याशेजारी घोंगडं पांघरून बसले. मेस्सी आणि दि मारिया यांचे गोल झाले, २-०. मी शेंगा फोडायला घेतल्या. ऐंशीव्या मिनिटाला एम्बाप्पेनं पेनल्टीवर एक फेडला, आणि मिनिटभरात दुसरा. परत २-२. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

आबा वाकून माझ्या कानाशी आले.

"बॅटरी आणून ठिवू का रं? आणि जाताना वाफ्याची तोंडं मोकळी केलीस न्हवं?"