कालवा कुणाचा?

आमच्या इंदापूर तालुक्यात 'जेवलास का?' याच्या आधी 'पाणी सुटलं का?' हा प्रश्न विचारला जातो. गेल्या वर्षी मी शिकण्यासाठी पुण्यात आलो आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. गावात पाटकरी सांगतोच. पण आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाटकऱ्यापेक्षा माझ्या डोळ्यांवर अधिक विश्वास! त्यांचा फोन आला की मी स्वारगेटजवळच्या पुलावर जातो आणि कालवा काठोकाठ वाहत असला तर सांगतो, 'आप्पा, सुटलं.' आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या शिक्षणाचा घराला आजवर झालेला रोकडा उपयोग एवढाच.

ज्याच्या भरवशावर आमचा ऊस उभा आहे, त्या नव्या मुठा उजव्या कालव्याला माझे शहरी वर्गमित्र मात्र सरळ 'नाला' म्हणतात. मला राग आला. पण रागावण्यापूर्वी पाहावे तरी, म्हणून दोन आवर्तनांच्या मधल्या एका रविवारी मी आणि माझा खोलीसोबती पर्वतीच्या पायथ्यापासून हडपसरपर्यंत कालव्याच्या काठाने चालत गेलो.

मित्रहो, खरे सांगतो, माझा राग अर्ध्या तासात ओसरला. तो नालाच दिसत होता! पाणी गुडघाभर, त्यावर हिरवट साय. गाद्या, फुटके कमोड, दारूच्या बाटल्या, देवांच्या तसबिरी. दोन पोरे थर्माकोलच्या पाटावर बसून, बांबूने रेटत, प्लॅस्टिकच्या बाटल्या वेचत होती. त्यांची ती 'होडी' प्रत्येक पुलाखाली कचऱ्यात रुतायची. मग एकाने उतरून ढकलायचे. काठावरची वाट कुठे भिंतीने अडवलेली, कुठे राडारोड्याखाली गाडलेली. एम्प्रेस गार्डनच्या बाजूला झाडांची सावली आली, एक खंड्या दिसला, तेव्हा कुठे वाटले की ही वाट चालण्यासारखी होऊ शकते.

कालवा फुटला ती घटना पुण्यात कुणी विसरलेले नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ काठ फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत भरदिवसा पाणी शिरले. त्या वेळी कारण म्हणून उंदीर, घुशी आणि खेकडे यांची नावे पुढे आली. वस्तीतल्या एका मावशींनी आम्हांला भिंतीवर हात ठेवून पाण्याची उंची दाखवली. त्या म्हणाल्या, 'घुशी काय, त्या आमच्या घरातबी असत्यात. त्यांनी कधी आमचं घर पाडलं न्हाई.' यावर मी काय बोलणार?

दुर्लक्षाचे मूळ कशात आहे? मला वाटते, कालवा जलसंपदा खात्याचा, कचरा शहराचा आणि काठावरची माणसे कुणाचीच नाहीत, यात आहे. वस्तीवर बोट दाखवणे सोपे आहे. परंतु पुलावर मोटार थांबवून, निर्माल्याची पिशवी खाली भिरकावून, वर हात जोडणारे गृहस्थ काही झोपडीतून आलेले नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, गेल्या गणपतीत खोलीवरच्या दूर्वा-फुलांची पिशवी मीही याच कालव्यात टाकली होती. ज्या पाण्याची आप्पा वाट पाहतात त्याच पाण्यात! शहरात आल्यावर माणूस किती लवकर शहरी होतो, हे मला त्या रविवारी कळले.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून पाणी जमिनीखालून नेण्याची योजना शासनाने आखली आहे. गळती थांबेल, बाष्पीभवन वाचेल, चोरी टळेल. शेपटाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मी या योजनेला विरोध करणार नाही. वाचलेले पाणी आमच्यापर्यंत पोचले तर आनंदच आहे. पण ते पोचेलच, याची खात्री कुणी द्यायची? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांत मिळून साठते सुमारे २९ टीएमसी पाणी. त्यावर शहराची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती दोन्ही भागवायची आहेत. आज निदान पुलावरून जाणाऱ्याला दिसते की पाणी पुढे कुठेतरी चालले आहे. उद्या ते दिसणारही नाही. आणि जे दिसत नाही त्यातला दुसऱ्याचा वाटा विसरणे फार सोपे असते.

बोगदा झाल्यावर या कोरड्या पात्राचे काय होणार, हाही प्रश्न आहेच. एरंडवण्याकडे 'कॅनॉल रोड' आहे. तिथे नाव उरले, पाणी गेले. इथेही तसाच रस्ता होईल, त्यावर दुतर्फा मोटारी उभ्या राहतील आणि काठावरच्या माणसांना हलवले जाईल. त्याऐवजी सलग झाडांची पायवाट का होऊ नये? ज्यांनी पुराचे पाणी सोसले, त्यांच्या मुलांना खेळायला तेवढी तरी सावली मिळावी.

आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी लांबलांबच्या किल्ल्यांवर जाते. ती जावीच. परंतु भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांतील गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, एक रविवार या कालव्यासाठी द्यावा. बसभाडे लागणार नाही, फक्त नाकाला रुमाल लागेल. पाणीवाटपावर आपण परीक्षेत दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितो. ते पाणी कुणाच्या दारावरून आणि कुणाच्या शेतापर्यंत जाते, हे एकदा पायांनी वाचले पाहिजे.

कुणी येणार असेल तर मी वाट दाखवायला तयार आहे. पुलावर तर मला जावेच लागते. आप्पांचा फोन कधीही येईल.