चोर, संन्यासी आणि सुळी

शिक्षा झालेल्या मनुष्याचा आक्रोश पुष्कळदा लवकर शमतो. त्याच्या आप्तेष्टांचा मात्र वर्षानुवर्षे शमत नाही. कारण उघड आहे. आपण काय केले हे अपराध्यास निदान मनातल्या मनात ठाऊक असते. आप्तेष्टांस ते ठाऊक करून घेण्याची गरजच भासत नाही. हा मनुष्यस्वभाव घराच्या उंबरठ्याआड राहिला तर क्षम्य, क्वचित् गोडही वाटतो. परंतु तोच सहस्रावधी कंठांतून एकदम गर्जू लागला आणि त्या गर्जनेसच न्याय म्हणावे असा आग्रह सुरू झाला, म्हणजे त्याचा परामर्श घेणे अगत्याचे होते. इंग्लंडातील एव्हर्टन ह्या फुटबॉल क्लबाच्या प्रकरणी नेमके हेच घडले. आणि आपल्याकडील कित्येक सुशिक्षित तरुणांनीही त्या गर्जनेत आपला सूर मिसळला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत. एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातील 1878 साली निघालेला क्लब. 1888 साली जी फुटबॉल लीग स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी हा एक; नऊ वेळा अजिंक्यपद मिळविलेला, आणि 1954 पासून वरच्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेला. ही वरची श्रेणी 1992 पासून प्रीमियर लीग ह्या नावाने चालते. तिच्या तत्कालीन नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या हिशेबात 10 कोटी 50 लक्ष पौंडांहून अधिक तोटा करण्यास क्लबास मनाई होती. 2021-22 च्या मोसमाअखेरच्या हिशेबात एव्हर्टनचा तोटा 12 कोटी 45 लक्ष, म्हणजे मर्यादेहून 1 कोटी 95 लक्ष पौंड अधिक ठरला. मर्यादा ओलांडल्याचे क्लबाने स्वतः कबूल केले होते. वाद राहिला तो किती ओलांडली आणि कशामुळे ओलांडली एवढ्यापुरता. 17 नोव्हेंबर 2023 रोजी स्वतंत्र आयोगाने दहा गुण कापले. चौदाव्या स्थानावरचा क्लब एका दिवसात एकोणिसाव्या स्थानी येऊन पडला. आणि ह्या लीगमध्ये वीस क्लबांपैकी शेवटचे तीन खालच्या श्रेणीत लोटले जातात, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या दिवशी लिव्हरपूलच्या अर्ध्या शहरात काय झाले असेल ते सांगावयास नको.

पुढे 26 नोव्हेंबर रोजी गुडिसन पार्क ह्या त्यांच्या जुन्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. तेथे सहस्रावधी पाठीराख्यांनी गुलाबी फलक उंच धरले. फलकांवर लीगची मुद्रा होती आणि तिच्याखाली 'भ्रष्ट' ह्या अर्थाचा एकच शब्द होता. आदल्या दिवशी दुसऱ्या एका मैदानावरून तसाच मजकूर मिरवीत विमानही फिरले होते. असा हा निषेध. आता त्याच्या मुळाशी असलेल्या युक्तिवादांकडे वळू.

पहिला युक्तिवाद हा की, इतरांस सोडून आम्हांसच का धरले? फेब्रुवारी 2023 मध्ये मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप ठेवण्यात आले. सिटीने ते नाकारले, आणि एव्हर्टनला शिक्षा झाली त्या दिवसापर्यंत त्यांची सुनावणी सुरूही झाली नव्हती. ती पुढे सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली. एप्रिल 2021 मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी लीगला बगल देऊन युरोपात स्वतःची वेगळी पंगत मांडण्याचा घाट घातला. त्यांचे प्रकरण सर्वांनी मिळून 2 कोटी 20 लक्ष पौंड भरण्यावर मिटले. गुण एकही गेला नाही. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही आपली म्हण ह्या पाठीराख्यांच्या कानी पडती, तर त्यांनी ती फलकांवर लिहिली असती.

ह्या तक्रारीतील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. बलिष्ठांचा खटला वर्षानुवर्षे चालावा आणि दुर्बलाचा निकाल महिन्यांत लागावा, हे कोणत्याही न्यायासनास भूषणावह नाही. परंतु म्हण लागू पडण्यास संन्यासी हा संन्यासी असावा लागतो! हिशेबाची मर्यादा मोडल्याचे ज्याने स्वमुखाने मान्य केले, त्याच्या अंगावरची वस्त्रे भगवी कशी म्हणावी? दुसरा चोर मोकळा आहे ह्यावरून त्यासही धरा एवढेच निष्पन्न होते. मला सोडा हे कोणत्या तर्कशास्त्राने निष्पन्न होते? पाठीराख्यांनी पहिली मागणी मोठ्याने केली असती तर आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहिलो असतो. त्यांनी दोन्ही मागण्या एकाच श्वासात केल्या, आणि दुसरीने पहिलीची किंमत घालविली.

दुसरा युक्तिवाद अधिक हृदयस्पर्शी आहे. अपराध मालकाचा, गुण मात्र खेळाडूंचे गेले आणि अश्रू पाठीराख्यांचे गळले. तेव्हा दंड करावा, गुण कापू नयेत, असे कित्येक म्हणतात. पण मग त्या सहा क्लबांच्या 2 कोटी 20 लक्षांविषयी इतका संताप का? धनाढ्यास दंड म्हणजे केवळ जकात होय, हेच ना त्या संतापाचे मर्म? जकात भरली की गाडी पुढे! इतरांच्या वेळी पैसा ही शिक्षाच नव्हे म्हणावयाचे, आणि आपल्या वेळी पैशावर भागवा म्हणावयाचे, हा व्यवहार दोन तागड्या बाळगणाऱ्या वाण्याचा झाला. शिवाय, क्लबाच्या यशात जो भागीदार तो अपयशातही भागीदार असतो. मालकाने ऐपतीबाहेर खर्चून आणलेल्या खेळाडूने गोल केला तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्याने, हा गोल कोणाच्या पैशाने झाला असे विचारले होते काय?

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट, आणि त्याचा उपहास आम्ही करणार नाही. तो असा: हा नियम खर्चास बांध घालीत नाही, तोट्यास घालतो, ज्याचे उत्पन्न मोठे त्यास मोठ्या खर्चाची मोकळीक, ज्याचे लहान त्यास वर चढण्याची बंदी, सबब हा नियम म्हणजे बड्यांनी आपल्या वाड्याभोवती घातलेला तट होय. ह्यात तथ्य आहे. परंतु ह्या लीगचे भागधारक हे वीस क्लबच असून नियम बदलण्यास त्यांपैकी चौदांचे मत लागते. एव्हर्टनही त्या सभेत खुर्ची टाकून बसलेला होता. नियम अन्याय्य असेल तर तो मोडण्यापूर्वी सभेत उभे राहून तसे म्हणावे. मोडून सापडल्यावर केलेला तत्त्वविचार हा तत्त्वविचार नसून वकिली असते.

दुसरेही एक लक्षात घेण्याजोगे आहे. तोट्यास मर्यादा नसली म्हणजे काय होते, ते बरी ह्या गावास विचारावे. 1894 पासून फुटबॉल लीगचा सभासद असलेला तेथील क्लब पैशाच्या अडचणीपायी 27 ऑगस्ट 2019 रोजी लीगमधून काढून टाकण्यात आला. मालकाच्या उधळपट्टीस लगाम घालणारा नियम अंती पाठीराख्याचाच कैवारी असतो; कारण मालक आज आहे, उद्या विकून जाईल; पाठीराख्यास मात्र दुसरा क्लब नसतो.

मग पाठीराख्यांचे काहीच बरोबर नव्हते काय? होते, आणि ते स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. मर्यादा किती हे नियमाने सांगितले होते. ती मोडल्यास किती गुण जातील हे सांगितले नव्हते. लीगने एक कोष्टक पुढे केले. आयोगाने ते स्वीकारण्याचे नाकारले आणि तरीही दहाचा आकडा काढला. प्रीमियर लीगमध्ये तोवर 1997 साली मिडल्सब्रोचे तीन आणि 2010 साली पोर्ट्समथचे नऊ एवढेच गुण कापले गेले होते. अपराध आधी लिहावा आणि शिक्षेचे माप नंतर शोधावे, ही पद्धत मामलतदाराच्या मर्जीची झाली, न्यायाची नव्हे. अपिलातील नऊ मुद्द्यांपैकी दोन मान्य झाले आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजी दहाचे सहा झाले. पुढच्या हिशेबाच्या उल्लंघनाबद्दल 8 एप्रिल रोजी आणखी दोन गेले. अखेर मैदानावर मिळविलेल्या 48 गुणांपैकी 40 हाती राहिले, आणि पंधराव्या स्थानी क्लब तरला. जे चार गुण परत आले ते गुलाबी फलकांनी आणले नाहीत. ते मुद्देसूद अपिलाने आणले, ही गोष्ट फलक धरणाऱ्यांनी विसरू नये.

आता आमचा मुख्य आक्षेप. जानेवारी 2023 मध्ये ह्याच पाठीराख्यांनी सामना संपल्यावर मैदानात ठिय्या देऊन संचालक मंडळ हटवा अशी मागणी केली होती. संचालकांनी त्या दिवशी मैदानावर येण्याचेच टाळले होते. म्हणजे क्लब कोणी बुडविला हे त्यांस ठाऊक होते आणि त्यांचा बाण योग्य दिशेस रोखलेला होता. दहा महिन्यांनी आयोगाने त्यांचेच म्हणणे आकड्यांनिशी सिद्ध केले. तेव्हा त्यांनी काय केले? धनुष्य फिरविले आणि बाण लीगवर सोडला! ज्याने उधळपट्टी केली त्याच्या संरक्षणार्थ ज्यांची उधळपट्टी झाली ते धावले. देवस्थानाच्या पंचांनी हुंडीत गोंधळ केला आणि धर्मादाय आयुक्ताने जाब विचारला, तर भाविकांनी 'देवावर घाला आला' म्हणून ओरडावे, त्यातलाच हा प्रकार. पंचांस ह्याहून सुखाची गोष्ट कोणती?

ह्या परदेशी भांडणाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा संघाचा अभिमान म्हणजे काय, हे आपणांस इंग्लंडाने शिकवावे लागत नाही. मुंबई सिटी ह्या आपल्या शहराच्या क्लबाचा मोठा हिस्साही 2019 साली मँचेस्टर सिटीच्याच मालक-समूहाने विकत घेतला होता. दूरच्या मालकाची वही पाहण्याचा हक्क मागावा की त्याच्या नावाने घोषणा द्याव्या, हा प्रश्न आपल्याही दारी येऊन गेलेला आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर दोन लहान क्लबांनी देऊन ठेवले आहे. ल्युटन टाउनचे 2008 साली तीस गुण कापले गेले. त्यांपैकी दहा तर आधीच्या कारभाऱ्यांच्या अपराधाबद्दल. तो क्लब लीगबाहेर फेकला गेला, पाच वर्षे बाहेर राहिला, 2014 साली परतला आणि 2023 साली प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्याच मोसमात खाली लोटले जाण्याच्या भीतीत तो एव्हर्टनच्या शेजारी उभा होता, आणि अखेर खाली गेलाही. एव्हर्टनला माफी द्या असे म्हणणाऱ्यांनी ती माफी कोणाच्या पानातून वाढली जाणार होती, ह्याचा विचार केला होता काय? दुसरा पोर्ट्समथ. मालकांमागून मालकांनी तो दिवाळखोरीस पोहोचविला, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी वर्गणी काढली, संस्था उभारली आणि एप्रिल 2013 मध्ये क्लबच विकत घेतला.

फलक उंच धरण्यास एक हात पुरतो. हिशेबाची वही उघडण्यास दोन लागतात. आपल्या क्लबावर ज्याचे खरे प्रेम आहे त्याने शिक्षा देणाऱ्यास शिव्या देण्यापूर्वी शिक्षा ओढवून आणणाऱ्यास जाब विचारावा. तसे केले म्हणजे मोकळ्या राहिलेल्या चोरांकडे बोट दाखविण्याचा अधिकारही त्यास आपोआप प्राप्त होईल. तोवर त्याची निष्ठा कितीही मोठ्याने गर्जो, तिचा लाभ क्लबास न होता मालकासच होत राहील.