विश्लेषण : ज्युदोच्या शिडीवर भारतीय खेळाडू अडतो कुठे?

मेलकावेरी (कुंभकोणम, तामिळनाडू) : कावेरीकाठच्या मेलकावेरीतील एखाद्या शाळकरी मुलीने ज्युदो शिकायचे ठरविले, तर तिच्यापुढील वाट कागदावर स्पष्ट आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट आहेत. तंजावर जिल्हा, त्यानंतर राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, असा हा क्रम आहे. नाशिक वा कोल्हापूरच्या मुलीचा मार्गही याहून वेगळा नाही. जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूतच झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्राने ५७ सुवर्णपदकांसह सर्वसाधारण विजेतेपद पटकावले, तर यजमान राज्य ३८ सुवर्णपदकांसह दुसरे आले. युवा पातळीवर दोन्ही राज्यांचा पाया भक्कम आहे, हे त्यातून दिसते.

ज्युदोतील खरी अडचण राष्ट्रीय पदकानंतर सुरू होते. रिओ २०१६ मध्ये अवतार सिंग, टोकियोत सुशीला देवी आणि पॅरिस २०२४ मध्ये तुलिका मान, असा प्रत्येक वेळी एकच भारतीय ज्युदोपटू ऑलिम्पिकला पोहोचला आणि तिघांचेही आव्हान पहिल्याच लढतीत संपले. क्युबाच्या इडालिस ऑर्टिझविरुद्ध तुलिकाची लढत अवघ्या २८ सेकंदांत आटोपली. याच सुशीला आणि तुलिका यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदके जिंकली होती. मात्र तेथे जपान, फ्रान्स, दक्षिण कोरिया, जॉर्जिया यांसारखे या खेळातील बलाढ्य देश नसतात, हे विसरून चालणार नाही.

ऑलिम्पिक पात्रता प्रामुख्याने जागतिक क्रमवारीवर ठरते. त्यासाठीचे गुण कॉन्टिनेंटल ओपन, ग्रां प्री, ग्रँड स्लॅम आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतून मिळतात. त्यामुळे परदेशी स्पर्धांत सातत्याने उतरणे अपरिहार्य ठरते आणि प्रवासाचा खर्च हाच मोठा अडसर होतो. शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुनर्संधीची फेरी केवळ उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना मिळते. पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू हजारो किलोमीटरचा प्रवास करून फार तर चार-पाच मिनिटांचा अनुभव घेऊन परततो.

याला छेद देणारी उदाहरणेही आहेत. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने ऑगस्ट २०२२ मध्ये साराजेव्हो येथे जागतिक कॅडेट स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण जिंकले. कोणत्याही वयोगटातील जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताचे ते पहिलेच पदक होते. तिला कर्नाटकातील विजयनगर येथील केंद्रात परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले होते. मध्य प्रदेशातील सीहोरच्या कपिल परमारने हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेतील रौप्यानंतर पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्य मिळवून देशाला या खेळातील पहिले पॅरालिम्पिक पदक दिले. गुणवत्तेची वाण नाही, हेच यातून सिद्ध होते.

उणीव आहे ती लढतींची. जिल्हा पातळीवर एका वजनगटात अनेकदा मोजकेच स्पर्धक असतात. तेथे थेट बाद पद्धतीऐवजी प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळविले, तर त्याच खर्चात प्रत्येक मुलाला अधिक लढती मिळतील. शेजारच्या राज्यांतील कुमार खेळाडूंची संयुक्त शिबिरे भरविता येतील. कुमार वयातच परदेशी स्पर्धांसाठी निश्चित तरतूद केली, तर वरिष्ठ गटात पदार्पण करताना प्रतिस्पर्ध्याची शैली नवखी वाटणार नाही.

राज्ये पदके मोजतात. खेळाडूने वर्षभरात किती दमदार प्रतिस्पर्ध्यांशी झुंज दिली, याचीही नोंद ठेवली जाईल, तेव्हाच मेलकावेरीतून निघालेली वाट ऑलिम्पिकच्या दुसऱ्या फेरीपलीकडे जाऊ शकेल.